अडीचशेच्या चेसिसमध्ये साडेसहाशेचं इंजिन

नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिकच्या कारखान्याचं नाव घेतलं की आधी लूना आठवते. 1972 साली आलेली 50 सीसीची ती मोपेड अनेक घरांतली पहिली गाडी होती. त्याच कायनेटिक समूहाच्या मोटोरॉयल कंपनीने 2018 मध्ये ह्योसंग या कोरियन कंपनीच्या मोटरसायकली नगरमध्ये जोडायला घेतल्या. त्याआधी ह्योसंग जोडली जायची वाईला, आधी गरवारे आणि नंतर डीएसके यांच्याकडे. त्यामुळे या गाडीचा भारतातला प्रवास बराचसा महाराष्ट्रातच झाला, आणि तिच्याबद्दलचा एक प्रश्न इथल्या गॅरेजांत विचारला जाणं साहजिक आहे: जीटी 250 आरमध्ये जीटी 650 आरचं इंजिन बसेल का?

प्रश्न सुचतो तो दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्यावर. टाकी, फेअरिंग, सीट, मागचा निमुळता भाग, सगळं इतकं मिळतंजुळतं की स्टिकर झाकला तर लांबून फरक कळत नाही. इंजिनं मात्र अगदी वेगळी आहेत. लहान इंजिन 249 सीसीचं, 57 मिमी बोअर आणि 48.8 मिमी स्ट्रोकचं, हवा आणि ऑइल यांवर थंड होणारं. ताकद साधारण 28 बीएचपी, टॉर्क 22 न्यूटन-मीटर. मोठं 647 सीसीचं, 81.5 मिमी बोअर आणि 62 मिमी स्ट्रोकचं, कूलंटवर थंड होणारं. ताकद 70 बीएचपीच्या वर आणि टॉर्क 60 न्यूटन-मीटरच्या आसपास. दोन्हींत दोन-दोन सिलिंडर व्हीच्या आकारात आहेत, पण लहान इंजिनात त्यांच्यातला कोन 75 अंशांचा, मोठ्यात 90 अंशांचा.

या पंधरा अंशांपासूनच काम सुरू होतं. 90 अंशांच्या व्हीमध्ये पिस्टनच्या मुख्य धक्क्यांचा तोल क्रँकवरच्या वजनाने जवळपास पूर्ण साधता येतो, म्हणून हे इंजिन एरवी मऊ चालतं. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. कोन रुंदावला की पुढचा सिलिंडर पुढच्या चाकाकडे झुकतो आणि मागचा सीटखाली, शॉकॲब्सॉर्बरजवळ सरकतो. पुढचा सिलिंडर आणि चाक यांच्यामध्ये आता रेडिएटरही बसवायचा असतो. गाडी स्टँडवर असताना तिथे भरपूर जागा दिसते. खरी जागा कळते ती फोर्क पूर्ण दाबल्यावर, कारण जोरात ब्रेक मारला की चाक वर आणि मागे येतं. म्हणून फोर्कच्या स्प्रिंग काढून, चाक शेवटपर्यंत वर ढकलून, मगच माप घ्यावं.

मापासाठी पूर्ण इंजिन उचलत बसू नये. जाणता मेस्त्री आधी 650 चा रिकामा क्रँककेस, हेडसकट पण आतलं सामान काढलेला, चेसिसमध्ये धरून पाहतो. तो एका माणसाला हलवता येतो, आणि कुठे घासतोय, माउंटिंगची भोकं किती मिलिमीटरने चुकतायत, हे शांतपणे बघता येतं. चेसिस स्टीलची आहे, त्यामुळे नवे ब्रॅकेट बनवून वेल्ड करता येतात; ॲल्युमिनियमच्या चेसिसवर हे इतक्या सहज जमत नाही. तरी घाई नको. आधी फक्त टाके मारून ब्रॅकेट धरावेत, इंजिनचे सगळे बोल्ट हाताने आत जातायत का पाहावं आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावं. बोल्ट पान्याने ओढून भोक जुळवलं, तर चेसिसमध्ये कायमचा ताण राहतो आणि काही महिन्यांनी वेल्डच्या कडेला तडा दिसतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी आणि ईसीयू दोन्ही सोडवून बाजूला ठेवावेत.

माझ्या मते या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग चेनचा आहे. इंजिनाच्या बाहेरचा छोटा स्प्रॉकेट आणि चाकावरचा मोठा स्प्रॉकेट एका रेषेत हवेत. सरळ पट्टी लावून तपासलं तर मिलिमीटरभराच्या वर फरक नसावा. त्यासाठी इंजिन डावी-उजवीकडे सरकवावं लागतं किंवा स्प्रॉकेटच्या मागे लेथवर बनवलेला स्पेसर द्यावा लागतो. आडव्या रेषेइतकंच उभ्या दिशेलाही महत्त्व आहे. मागचं चाक खड्ड्यात वर-खाली होतं तेव्हा स्विंगआर्म आपल्या पिव्होटभोवती फिरतो, छोटा स्प्रॉकेट मात्र त्याच्या थोडा पुढे असतो. त्यामुळे चेनचा सैलपणा सतत बदलतो. स्प्रॉकेट, पिव्होट आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. नव्या इंजिनाचा स्प्रॉकेट पिव्होटपासून लांब गेला, तर हा फरक वाढतो. गाडी रिकामी असताना ढिली वाटणारी चेन मागे माणूस बसल्यावर तारेसारखी ताठ होते, आणि मग इंजिनाच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग जातं. म्हणून चेन ताणायची ती हे तीन बिंदू एका रेषेत आणून. शिवाय गिअरचं प्रमाण सारखं धरलं तरी टॉर्क जवळपास तिप्पट आहे, तेव्हा ओढही तिप्पट. अडीचशेची चेन इथे चालणार नाही.

उष्णतेचं गणित ढोबळ पण उपयोगी आहे. पेट्रोलच्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग चाकाकडे जातो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला कूलंटला झेलावा लागतो. म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर चाकाला जितकी ताकद, जवळपास तितकीच उष्णता रेडिएटरला. अडीचशेमध्ये रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट, कूलंटची टाकी यांपैकी काहीच नसतं. हे सगळं 650 चंच घ्यावं, छोटा रेडिएटर शोधू नये. मोकळ्या रस्त्यावर वारा मदत करतो. नगरजवळच्या इमामपूर घाटात उसाच्या ट्रॉलीमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना सगळा भार पंख्यावर पडतो, आणि फेअरिंगमधून गरम हवा बाहेर पडायला वाट ठेवली नसेल तर तीच हवा पुन्हा रेडिएटरमध्ये येते. कूलंट भरताना सगळ्यात उंच जागेवरून हवा काढावी. आत बुडबुडा राहिला तर तापमानाचा सेन्सर खोटं सांगतो.

वायरिंगबद्दल थोडक्यात: अडीचशेची वायरिंग जोडून-तोडून वापरायचा मोह टाळावा. 650 ची पूर्ण वायरिंग, ईसीयू, सगळे सेन्सर, पेट्रोल पंप आणि मीटर एकाच गाडीचे घ्यावेत. गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सरही त्यात आला, आणि तो मूळ गाडीत होता त्याच दिशेने बसवायचा. क्लच केबल आणि ॲक्सिलरेटरच्या केबलही मोठ्या इंजिनाच्याच.

ब्रेकचा विचार बहुतेक जण शेवटी करतात. तो पहिला हवा. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 100 वरून थांबायला जितकी उष्णता ब्रेकला पचवावी लागते, त्याच्या जवळपास दुप्पट ताशी 140 वरून. वजनही वाढलं, आणि ते पुढे सरकलं. त्यामुळे फोर्कच्या स्प्रिंग, मागचा शॉकॲब्सॉर्बर, डिस्क, कॅलिपर आणि चाकं हे सगळं 650 चं लागतं. अडीचशेला मागे 150 चा टायर असतो, साडेसहाशेला 160 चा, आणि तो वेगळ्या रिमवर बसतो.

आता कायदा, आणि तो नगरपासून फार लांब नाही. कोणतंही मॉडेल रस्त्यावर येण्याआधी धूर, आवाज, ब्रेक यांच्या चाचण्या घेऊन मंजूर व्हावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 126 मध्ये या चाचण्यांसाठी ज्या संस्था नेमल्या आहेत त्यांत पुण्याच्या एआरएआयबरोबर नगरची व्हीआरडीई आहे. संरक्षण खात्याची ही संस्था लष्करी वाहनांचं संशोधन करते आणि नागरी वाहनंही तपासते. इंजिन बदलल्यावर मूळ मंजुरीतला एकही आकडा त्या गाडीला लागू राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182 अ प्रमाणे शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आरसी बुकावर सीसी आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. विम्यातही 150 ते 350 सीसी आणि 350 च्या वर असे वेगळे गट आहेत. 2022 च्या दरांनी त्यांचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता अनुक्रमे 1,366 आणि 2,804 रुपये. हप्त्याचा फरक मोठा नाही. अपघातात कोणी जखमी झालं आणि कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी निघाली, तर विमा कंपनी भरपाईचे पैसे मालकाकडून वसूल करायला बघते. ती रक्कम माणसाचं आयुष्य खाऊ शकते.

वर जे-जे 650 चं घ्यायला सांगितलं ते एकत्र मोजून बघा: इंजिन, रेडिएटर, वायरिंग, फोर्क, ब्रेक, चाकं, चेन, मीटर. राहिली फक्त चेसिस, आणि गाडीची कायदेशीर ओळख तर चेसिस नंबरवरच असते. म्हणून हौस असेल त्याने उलट वाटेने जावं. पडून फेअरिंग फुटलेली, पण चेसिस सरळ आणि कागद साफ असलेली 650 शोधावी, आरटीओत तिच्यावर कर्ज किंवा गुन्हा नाही ना हे आधी पाहावं आणि ती रीतसर नावावर करावी. मग अडीचशेची टाकी, सीट, फेअरिंग यांतलं जे जुळेल ते तिच्यावर चढवावं. वेल्डिंगची गरजच राहत नाही, चेनची रेषा कंपनीने आखलेलीच राहते, आणि नगरच्या, म्हणजे एमएच 16 च्या आरसीवर 647 सीसी लिहिलेलं असतं. अडीचशेचं इंजिन चांगलं असेल तर ते सुट्या भागांसाठी विकता येतं. या गाडीचे भाग आता सहज मिळत नाहीत, तेव्हा कुणाची तरी बंद पडलेली 250 त्यावर पुन्हा चालू होईल.