गोबऱ्या गालांचं काय करायचं?

बाळाचे गाल गोबरे असले की घरात सगळ्यांना आनंद. आत्या येते, मावशी येते, शेजारच्या आजी येतात. गालगुच्चा घेतल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. 'कसं गुटगुटीत आहे!' हे कौतुक आणि पाठोपाठ 'दृष्ट काढा हो त्याची' हा सल्ला. तेच गाल मुलगी विशी-बाविशीची झाली की तिच्याच डोळ्यांत खुपायला लागतात. मग आरशासमोर उभं राहून गाल आत ओढून बघायचे, हनुवटी पुढे काढायची आणि सुस्कारा टाकायचा.

माझ्या एका मैत्रिणीच्या लेकीचा साखरपुडा झाला. मोबाइलवर फोटो आले आणि बाईसाहेबांचं तोंड उतरलं. 'आई, मी नुसती बेसनाचा लाडू दिसतेय!' लग्न दीड महिन्यावर आलेलं. त्यात तिला कोणी तरी सांगितलेलं, की गालातली चरबी काढून टाकतात, अर्ध्या-पाऊण तासाचं काम, टाके तोंडाच्या आतून, बाहेर डाग नाही की व्रण नाही. लग्नाला साठवलेल्या पैशांतून तेवढं करून द्या म्हणून मुलगी हटून बसली. आई बिचारी घाबरली. 'अगं, तोंडावर सुरी लावायची म्हणजे काय!' असं म्हणत ती माझ्याकडे आली.

हे काढतात तरी काय?

आपल्या प्रत्येकीच्या गालात, चावायच्या स्नायूच्या पुढच्या बाजूला, आत खोलवर चरबीची एक मऊ गादी असते. दोन्ही गालांत एकेक. वजन साधारण दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चहाचे दोन चमचे भरतील एवढी. जर्मन वैद्य हाइस्टर यांनी १७३२ मध्ये तिचं वर्णन केलं, पण त्यांना ती ग्रंथी वाटली. ती नुसती चरबी आहे हे पुढे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा यांनी सांगितलं आणि नावही त्यांचंच लागलं. हे बिशा १८०२ मध्ये अवघ्या तिसाव्या वर्षी वारले. तान्ह्या बाळाला अंगावर पिताना गाल आत खेचले जाऊ नयेत म्हणून ही गादी उपयोगी पडते, असं मानतात. बाळाचे गाल गोबरे असतात ते उगीच नव्हे.

या गादीची एक खोड आहे. पोटावरची चरबी आपण उपासतापास करून, जिने चढून थोडी तरी उतरवतो. ही गादी वजनाबरोबर फारशी कमी-जास्त होत नाही. म्हणूनच अंगानं काटकुळ्या असलेल्या काही मुलींचेही गाल भरलेलेच राहतात.

शस्त्रक्रियेत गाल आतून, वरच्या मागच्या दाढांच्या जवळ, साधारण एक-दोन सेंटिमीटर कापतात, गादीचा पुढे येणारा भाग अलगद बाहेर ओढून घेतात आणि विरघळणाऱ्या टाक्यांनी जखम शिवतात. बहुतेक वेळा जागा बधिर करूनच हे होतं. ऐकायला सोपं आहे, पण जागा मोठी नाजूक. कानाजवळच्या लाळेच्या ग्रंथीची नळी (गालगुंड होतात तेव्हा सुजते ती ही ग्रंथी) याच गादीला लागून पुढे येते आणि वरच्या दुसऱ्या दाढेसमोर तोंडात उघडते. ओठ आणि गाल हलवणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्याही तिथूनच जातात. नळीला इजा झाली तर लाळ साचून गाल सुजतो. मज्जातंतू दुखावला तर हसताना तोंड वाकडं दिसतं. हे नेहमी होत नाही, पण होऊ शकतं. एका बाजूची चरबी जास्त निघाली तर दोन गाल दोन तऱ्हेचे दिसतात ते वेगळंच.

आणि अर्ध्या तासात होतं ते काम. रूप अर्ध्या तासात येत नाही! आधी गाल सुजतो, म्हणजे पहिले काही दिवस चेहरा होता त्याहून गोल दिसतो. सूज उतरायला काही आठवडे आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने. दीड महिन्यावर लग्न असलेल्या मुलीला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

गाल गोल, पण कशामुळे?

मैत्रीण लेकीला घेऊन एका प्लॅस्टिक सर्जनकडे गेली. त्यांनी आधी फोटो बाजूला ठेवायला लावले. मग मुलीला दात घट्ट आवळायला सांगितलं आणि जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं टेकवली. तिथे सुपारीसारखा टणक फुगवटा! 'रात्री झोपेत दात खातेस का?' मुलगी म्हणाली, छे. आई म्हणाली, 'लहानपणापासून खाते हो! जंताचं औषधसुद्धा देऊन झालं.' म्हणजे चेहरा रुंद दिसत होता तो चरबीनं नव्हे, चावायचा स्नायू दांडगा झाल्यामुळे. गालातली गादी काढली असती तर वर खड्डा आणि खाली जबडा तेवढाच रुंद! त्यांनी तिला दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे रात्री दातांवर घालायचं कवच करून मिळालं. लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं, त्याच गालांनी.

गोल चेहऱ्याची कारणं अशी निरनिराळी असतात. दमा, संधिवात यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असल्या तर चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो. (म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत हं, ते फार धोक्याचं.) थायरॉइड मंदावला की तोंडावर सूज येते. एकाच बाजूचा गाल फुगला असेल तर रूपाचा विचार नंतर, आधी डॉक्टर. आणि घराण्याचा चेहराच वाटोळा असला तर तो आजीकडून आलेला वारसा. त्याला कारण शोधायला नको.

स्नायू दांडगा असेल तर त्यात बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. स्नायू हळूहळू बारीक होतो, पण काही महिन्यांनी पुन्हा टोचून घ्यावं लागतं. दुहेरी हनुवटीची चरबी नळीनं ओढून काढतात. दक्षिण कोरियात तर जबड्याचं हाडच तासून चेहरा निमुळता करण्याची टूम आहे. त्यात खालचा ओठ कायमचा बधिर होण्याची भीती असते. हनुवटीला टोक हवं म्हणून हाडापर्यंत जाणं मला तरी अघोरी वाटतं.

घरच्या घरी काही होईल का, हा प्रश्न येणारच. गाल फुगवण्याचे, ओठ ताणण्याचे व्यायाम पुष्कळ जणी करतात. गंमत अशी, की अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत चाळीस ते पासष्ट वयाच्या बायकांनी वीस आठवडे चेहऱ्याचे व्यायाम केले, तेव्हा त्यांचे गाल जास्त भरलेले दिसायला लागले! उतारवयात हे छानच, पण गाल कमी करायला निघालेल्या मुलीच्या काय कामाचं? जबडा रेखीव होतो म्हणून दिवसभर च्युइंगगम चघळणाऱ्यांचंही तसंच. चावून चावून स्नायू वाढतो.

फोटोंवरही फार भरवसा ठेवू नका. हात लांब करून स्वतःच काढलेल्या फोटोत तोंडाचा जवळचा भाग मोठा येतो. फूटभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळजवळ तीस टक्के रुंद दिसतं, असा हिशेब २०१८ मध्येच मांडला गेला आहे. त्यात मोबाइल आपणहून गाल तासून देतो. त्या तासलेल्या गालांशी आपल्या गालांची तुलना करायची म्हणजे कमालच!

चाळिशीनंतरचा चेहरा

अमेरिकन मॉडेल क्रिसी टायगन हिनं २०२१ मध्ये आपण गालांतली चरबी काढून घेतल्याचं स्वतःच सांगितलं. पुढच्या वर्षाअखेर तर या शस्त्रक्रियेची जिकडेतिकडे चर्चा सुरू झाली. पण काढलेली गादी परत बसवता येत नाही. वय वाढतं तशी चेहऱ्यावरची इतर चरबी आपोआप झडते, हाडंही थोडी झिजतात. विशीत जो गाल नको इतका भरलेला वाटतो, तोच पन्नाशीत चेहरा सावरून धरतो. 'गाल बसलेत, बरं नाही का?' हा प्रश्न आपण आजारातून उठलेल्या माणसाला विचारतो ना? मग खड्डे भरायला पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा खर्च. विशीच्या आत तर हा विचारच नको, कारण चेहरा अजून घडत असतो आणि पंचविशीपर्यंत कित्येकींचा आपोआप निवळतो.

या गादीचा एक उपयोग मला फार मोलाचा वाटला. सुपारी, गुटखा, खर्रा यांनी तोंडाच्या आतली कातडी चामड्यासारखी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं, घास जात नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी विदर्भात खर्रा आणि गावोगाव सुपारी चालूच आहे. हे ताठलेले पट्टे कापून तोंड मोकळं केल्यावर उघडी जखम झाकायला शल्यवैद्य रुग्णाच्याच गालातली ही चरबीची गादी ओढून आणतात. वरची दाढ काढल्यावर नाकाच्या बाजूच्या पोकळीत भोक पडलं, तर तेही हिनंच बुजवतात. १९७७ पासून अशा कामासाठी तिचा उपयोग होत आला आहे.

आपल्याकडे चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया नवीन नाहीत. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका कारागीर वैद्यानं कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं, आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ती हकीकत चित्रासह छापून आली. पण त्याला गेलेलं रूप परत हवं होतं.

इतकं वाचूनही एखादीला करायचंच असेल, तर तिला हसू नये. पंचवीस-तिसाव्या वर्षी, वजन बरेच दिवस स्थिर असताना, पूर्ण विचारानं करणाऱ्या आणि समाधानी असणाऱ्या बायकाही आहेत. मात्र ब्युटी पार्लरमध्ये किंवा कोणाच्या ओळखीनं खोलीत हे करून घेऊ नका. डॉक्टरांनी एम.बी.बी.एस.नंतर प्लॅस्टिक सर्जरीची एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. पदवी घेतली आहे का, की ते तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेत एम.डी.एस. आहेत, हे स्पष्ट विचारा. विचारण्यात काही गैर नाही. मधुमेह, रक्त पातळ होण्याची गोळी, गरोदरपण, तंबाखूची सवय, काही लपवू नका. दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्यांचे फोटो मागा. पंधरा दिवसांचे नकोत.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ गालावर थोडा थोडा वेळ धरायचा आणि उशी उंच घ्यायची. जेवणात गार-कोमट पेज, पातळ मुगाची खिचडी, ताकभात, केळ्याची शिकरण. भाकरी, चिवडा, शेंगदाणे, तिखट आणि कढत चहा जखम भरेपर्यंत बंद. प्रत्येक खाण्यानंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या पाण्यानं हलक्या गुळण्या करायच्या. जोरात नाही, टाके सुटतात. ताप आला, एक गाल एकदम फुगला, किंवा हसताना ओठाची एक बाजू हलेना, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात फोन करायचा.