परवान्याचा शिक्का आणि खेळणाऱ्याचा खिसा



अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलाने मध्यंतरी आम्हांला एक प्रश्न विचारला. शिष्यवृत्तीच्या हप्त्यातील बरीचशी रक्कम तो मोबाईलवरील कॅसिनोत घालवून बसला होता. तो म्हणाला, "काका, ही कंपनी आंतरराष्ट्रीय परवान्याची आहे. खाली शिक्का आहे. मग यात फसवणूक कशी असेल?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याला केवळ "जुगार वाईट" एवढेच उत्तर देणे आम्हांला पटले नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने हा विषय खेळणाऱ्याच्या बाजूने समजून घेण्याचा प्रयत्न करीत आहोत.

प्रथम परवाना म्हणजे काय ते पाहू. ऑनलाइन कॅसिनोंना परवाने देणाऱ्या ठिकाणांत भूमध्य समुद्रातील माल्टा आणि कॅरिबियन समुद्रातील कुरासाव ही दोन बेटे प्रसिद्ध आहेत. कुरासावमध्ये पूर्वी मोजक्या मुख्य परवानाधारकांकडून इतर कंपन्या पोटपरवाने घेत. तेथे नवा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला. चांगला परवाना काय पाहतो? आकडे यदृच्छेने पडतात का, जिंकलेले पैसे मिळतात का, मालक कोण आहे, इत्यादी. मात्र खेळणारा जिंकेल याची हमी कोणताही परवाना देत नाही. शिवाय ओझरच्या मुलाने तक्रार करायची ठरवली, तर ती सातासमुद्रापार करावी लागते.

आता हिशेब पाहू. रूलेटच्या युरोपीय चक्रावर शून्यासह ३७ घरे असतात. एका घरावर लावलेला आकडा आला तर लावलेल्या रकमेच्या ३५ पट मिळतात आणि लावलेली रक्कम परत येते. समजा, आपण प्रत्येक वेळी १०० रुपये असे ३७ वेळा लावले. एकूण ३,७०० रुपये लागले. सरासरीने एकदा आकडा लागेल व हाती ३,६०० रुपये येतील. म्हणजे १०० रुपये, अर्थात शेकडा २.७, कॅसिनोकडे राहिले. येथे कोणी लबाडी केलेली नाही. चक्र सरळ आहे, शिक्का खरा आहे, तरीही पैसे गेले.

१९६४ पासून आपल्या ओझरला विमान कारखाना आहे. तेथे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की मापात केसाएवढा फरक राहिला तरी तो भाग बाद ठरतो. कॅसिनोत हा केसाएवढा फरक मुद्दाम ठेवलेला असतो आणि त्यावरच सारा धंदा चालतो.

मोबाईलवरील चित्रांच्या चक्रांचा खेळ याहून वेगवान असतो. "९६ टक्के परतावा" अशी जाहिरात वाचून मुलांना वाटते, शंभरातले शहाण्णव तर परत मिळणारच. परंतु ते शहाण्णव पुन्हा लावले जातात आणि त्यातूनही चार टक्के कापले जातात. दर सहा सेकंदांनी १० रुपये लावले तर तासात ६०० डाव व ६,००० रुपयांची उलाढाल होते. चार टक्क्यांनी सरासरी २४० रुपये तासाला जातात. रोज दोन तास खेळल्यास महिन्याला १४,४०० रुपये होतात. एखाद्या दिवशी कोणी जिंकतो, हे खरे. पण त्याच दिवसाच्या आठवणीवर तो पुढचे महिने हरत राहतो.

बोनसचेही तसेच आहे. १,००० रुपये फुकट मिळतात, पण काढून घेण्यापूर्वी तीस पट खेळण्याची अट असते. ३०,००० रुपयांवर चार टक्के म्हणजे १,२०० रुपये. हजाराच्या भेटीची किंमत बाराशे!

आम्हीही खेळ खेळलो आहोत. कॅरममध्ये सरावाने हात बसतो, बुद्धिबळात हरलेला डाव काही शिकवतो. रूलेटच्या चक्राला मात्र मागचा डाव आठवत नाही. दहा वेळा हरलो म्हणून अकराव्या वेळी जिंकण्याची शक्यता तसूभरही वाढत नाही.

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. १९६० च्या दशकात मुंबईत कापसाच्या भावावर लावल्या जाणाऱ्या आकड्यांतून मटका वाढला आणि त्याने गिरणी कामगारांचे पगार गिळले. शासनाने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. पुढे केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. परदेशातून चालणारे खेळही त्याच्या कक्षेत येतात. खेळणाऱ्याला मात्र त्यात गुन्हेगार मानलेले नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे. परदेशी परवाना म्हणजे भारतात परवानगी नव्हे.

तथागतांनी राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला केलेला उपदेश सिगालोवाद सुत्तात आहे. त्यात संपत्तीच्या नाशाची सहा द्वारे सांगितली असून जुगार त्यांपैकी एक आहे. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणाऱ्याच्या वाट्याला शोक; धन जाते, सभेत शब्दाला वजन राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात आणि सोयरीक करायला कोणी तयार होत नाही. यात पापपुण्याची भीती नाही, डोळ्यांना दिसणारे परिणाम आहेत. त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक उपभोगाला, दोन उद्योगाला आणि चौथा संकटकाळासाठी. जुगारासाठी पाचवा भाग तथागतांनी ठेवलेला नाही.

शिष्यवृत्तीचा पैसा हा बाबासाहेबांच्या आणि समाजाच्या संघर्षाचे फळ आहे. तो गेला तर एका मुलाचे वर्ष जाते. म्हणून ज्याचा पैसा गेला असेल त्याने कर्ज काढून तो परत मिळवण्याच्या नादी लागू नये. घरात सांगावे. घरच्यांनीही आधी ऐकून घ्यावे, मग बोलावे. मनाचा तोल जात असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर आणि आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० वर संपर्क साधावा.

त्या मुलाला आम्ही हाच हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्याने तो स्वतः पुन्हा करून पाहिला व फोनमधील तो खेळ काढून टाकला. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हीच तर आपल्या धम्माची शिकवण आहे. प्रत्येक घरात हा हिशेब एकदा तरी मांडला जावा, एवढीच विनंती.

जय भीम! नमो बुद्धाय!