पाण्यांतील भोंवरे

गेल्या महिन्यांत कल्याणच्या एका परिचित घरांत मोठीच अडचण उभी राहिली. डॉक्टरांनीं सासूबाईंच्या यकृताचा एम. आर. आय. ठाण्यास जाऊन काढण्यास सांगितलें. आणि सासूबाई मंगळसूत्र उतरविण्यास तयार होईनात. ‘हा काय प्रकार आहे तें तुम्हींच समजावून सांगा,’ असें थोरल्या सूनबाईंनीं आम्हांस लिहिलें.

आपल्या देहाचें अर्ध्याहून अधिक वजन पाण्याचें. आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूंत हायड्रोजनचे दोन प्रोटॉन. प्रोटॉन म्हणजे एक चिमुकला चुंबकीय भोंवराच. एरवीं हे भोंवरे वाटेल तिकडे तोंडें करून असतात. यंत्रांतील दीड टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाहून तीस हजारांवर पटींनीं प्रबळ अशा, क्षेत्रांत त्यांतले थोडे जास्त एका दिशेस कलतात. मग सेकंदास सुमारें सहा कोटि चाळीस लक्ष कंपनांच्या रेडिओ-लहरीचा धक्का दिला कीं ते आडवे होतात, आणि धक्का थांबतांच पूर्वस्थितीस येऊं लागतात. हें स्थिरावणें चरबींत जलद, पाण्यांत सावकाश. त्या वेळेच्या फरकांतून चित्र उमटतें.

या विद्येच्या बाल्यावस्थेंत, १९५१ सालीं, एकाच मद्यार्काच्या रेणूंतील प्रोटॉनांचे तीन निरनिराळे सूर अमेरिकेंत ज्या तिघांनीं दाखवून दिले, त्यांत श्री. धर्मट्टी हे एक होते. पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनीं हेंच कार्य चालविलें.

आतां या भोंवऱ्यांच्या शेजारीं लोहाच्या ऑक्साइडचे कण सोडले तर? कण केवढा, तर मिलिमीटरच्या सुमारें दहा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहूनहि बारीक. तो भोंवतालच्या क्षेत्रांत अशी गडबड उडवितो कीं भोंवऱ्यांचा ताल तत्काळ मोडतो, व तेवढी जागा चित्रांत काळी पडते. निरोगी यकृतांतील भक्षक पेशी हे कण गिळतात. कर्करोगाच्या गांठींत त्या पेशी बहुधा नसतात. म्हणून यकृत काळवंडतें आणि गांठ पांढरी उठून दिसते. काळें फासलें जातें तें येथें निरोग्यास! पवईच्या आय. आय. टी. मध्यें तर असेच कण बदलत्या चुंबकक्षेत्रांत तापवून रोगट पेशी मारण्याचें संशोधन झालें आहे.

सासूबाईंचीं मूत्रपिंडें दुबळीं आहेत, आणि खरी काळजी तीच. चित्रणांत नेहमीं टोंचतात तें औषध गॅडोलिनियम धातूचें. अशा रोग्यांत त्याच्या कांहीं प्रकारांपासून कातडी ताठरविणारा विकार जडतो, हें २००६ मध्यें ध्यानांत आलें. नव्या प्रकारांत तें भय पुष्कळ कमी आहे. मूत्रपिंडाच्या रोग्यांस पंडुरोगावर देण्याचें एक लोहकणांचें औषध कांहीं ठिकाणीं चित्रणासहि वापरतात. पण त्याचीहि क्वचित् घातक प्रतिक्रिया होते. तेव्हां मूत्रपिंडांचा अहवाल आधीं डॉक्टरांपुढें ठेवा, असें आम्हीं सूनबाईंस कळविलें.

राहिलें मंगळसूत्र. सोनें चुंबकास चिकटत नाहीं, हें सासूबाईंचें म्हणणें खरें. परंतु तारेंत दुसरा धातु असूं शकतो, व रेडिओ-लहरींनीं धातु तापतो. २०१८ च्या जानेवारींत मुंबईंत प्राणवायूचें नळकांडें घेऊन अशा खोलींत शिरलेला एक तरुण चुंबकाच्या ओढीनें प्राणास मुकला. हें ऐकून सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनीं सूनबाईंकडून दोऱ्यांत ओंवलेली काळ्या मण्यांची पोत करून घेतली, व यंत्रावरील डॉक्टरांनीं ती पाहून होकार दिल्यावर ती गळ्यांत घालूनच आंत गेल्या.