घसा पुन्हा पुन्हा का धरतो?

आमचं पाम तारापूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ. त्यामुळे पोराचा घसा धरला की पहिलं बोट कारखान्यांच्या धुराकडे जातं आणि दुसरं बर्फाच्या गोळ्याकडे. माझ्या मुलाला पाचव्या वर्षापासून हा त्रास सुरू झाला, तेव्हा घरात हाच वाद. धुराने घसा खवखवतो, खोकला येतो, हे खरंच. पण १०२ ताप काही धूर आणत नाही. तो जंतूंचा प्रताप. आणि जंतू मिळतात वर्गातल्या खोकल्यातून, एकमेकांच्या उष्ट्या बाटलीतून.

बहुतेक वेळा घसा विषाणूंमुळे दुखतो. नाक गळतं, आवाज बसतो, खोकला असतो. याला अँटिबायोटिक लागतच नाही. मीठ-पाण्याच्या गुळण्या, कोमट पेज, तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, की आठवडाभरात मूल पुन्हा अंगणात!

पण सर्दी-खोकला नाही आणि एकदम ताप, गिळताना रडू, गळ्याला दुखऱ्या गाठी, टॉन्सिल्सवर पांढरे ठिपके, असं ५ ते १५ वर्षांच्या मुलाला झालं, तर तो 'स्ट्रेप्टोकोकस' नावाचा जिवाणू असू शकतो. डॉक्टरांना दाखवायलाच हवं. यावर ते पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन देतात, बहुधा १० दिवस. तिसऱ्या दिवशी पोरगं भाकरी मागायला लागतं, आणि उरलेलं औषध 'पुढच्या वेळेला होईल' म्हणून फ्रिजवर जातं. मैत्रिणींनो, हे मात्र करू नका. जिवाणू पुरता गेला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी सांध्यांचा ताप येऊ शकतो, डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटिक फीव्हर म्हणतात. आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. सांधे बरे होतात हो, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. मग दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं.

मी एक वही केली आहे. तारीख, ताप किती, औषध कोणतं, किती दिवस दिलं. 'टॉन्सिल्स काढून टाक' असं सांगणाऱ्या शेजारणी पुष्कळ. पण डॉक्टर ऑपरेशनचा विचार साधारणपणे कधी करतात? वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं ५-५ वेळा, किंवा तीन वर्षं ३-३ वेळा घसा चांगलाच धरला तर. हे तोंडी कुणाच्या लक्षात राहणार? वही पुढे केली की डॉक्टरांनाही सोपं जातं.

मुलाची लाळ गळते, तोंड उघडत नाही, पाणीही उतरत नाही किंवा श्वास घेताना आवाज येतो, तर वहीबिही राहू दे. सकाळची वाट न बघता गाडी काढायची आणि बोईसर नाहीतर पालघर गाठायचं.