मोठ्या फाइलींचे दूरवहन आणि पाठाची शुद्धी

सन ६४५ मध्ये चिनी भिक्षू ह्युएनत्संग भारतातून मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्यासमवेत ६५७ ग्रंथ होते. मात्र वाटेत सिंधू नदी ओलांडताना काही ग्रंथ पाण्यात गेले. पुढे भारतातील आचार्यांना पत्र लिहिताना त्यांनी गहाळ ग्रंथांची यादी धाडली व तेवढेच पाठविण्याची विनंती केली. सगळा संग्रह पुन्हा मागविण्याचे त्यांना कारण नव्हते. दूर अंतरावरील दोन संगणकांमध्ये प्रचंड आकाराच्या फाइली नेण्याचे आजचे शास्त्र मूलतः याच व्यवहारावर उभे आहे.

हा विषय आपल्या अभ्यासकांच्या दृष्टीने दूरचा नाही. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ ही पत्रे ज्या कागदावर छापली गेली तो कागद ठिसूळ होत जातो. असे पान एकदा उघडून त्याची प्रतिमा घेतली की दुसऱ्यांदा ते उघडता येईलच असे नाही. म्हणून ती प्रतिमा दुसऱ्या गावी जशीच्या तशी पोहोचणे हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. ए-४ आकाराचे एक रंगीत पान ४०० डीपीआय सूक्ष्मतेने, आकार न आवळता साठविल्यास सुमारे ४६ मेगाबाइट होते. अशी २०,००० पाने म्हणजे जवळजवळ ९३० गिगाबाइट. सेकंदाला ५० मेगाबिट गतीने ती पाठविण्यास सुमारे ४१ तास लागतील. गती ५ मेगाबिट असेल, तर सतरा दिवस. घरगुती जोडणीत माहिती घेण्याची गती मोठी व पाठविण्याची लहान असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

फाइल जाते ती अखंड जात नाही. पालि परंपरेत आठ अक्खरांचा एक पाद, चार पादांची गाथा आणि २५० गाथांचा म्हणजे ८,००० अक्खरांचा एक भाणवार मानला आहे. तद्वत संगणक फाइलीचे साधारण दीड हजार बाइटांचे तुकडे करतो. त्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येकाचा क्रम ठरलेला असतो, आणि पलीकडचा संगणक मिळालेल्या तुकड्यांची पोच देतो. पोच आली नाही तर तो तुकडा पुन्हा पाठविला जातो.

येथेच अंतराची खरी अडचण उद्भवते. पोच येण्यापूर्वी किती माहिती पुढे सोडावी यास मर्यादा असते. टीसीपी या नियमावलीत मूळची ही मर्यादा ६५,५३५ बाइटांची होती. दोन देशांतील संगणकांमध्ये जाण्यायेण्यास ०.१५ सेकंद लागत असल्यास, वाहिनी कितीही रुंद असो, सेकंदाला ०.४४ मेगाबाइटहून अधिक माहिती जाणे शक्य नव्हते. उरलेला वेळ केवळ पोचेची वाट पाहण्यात जाई. १९९२ मध्ये ही मर्यादा वाढविण्याची तरतूद झाली. तथापि वाटेत पॅकेट हरवले की संगणक मार्गावर गर्दी झाली असे समजून आपली गती एकदम कमी करतो. म्हणून मोठ्या वहनात एकाच वेळी अनेक प्रवाह उघडतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘आरसिंक’ ही प्रणाली तर दोन्हीकडील फाइली ताडून भेद असेल तेवढाच भाग पाठविते. वीज जाऊन काम अर्धवट राहिल्यास तिचे मोल कळते.

पोहोचलेली फाइल शुद्ध आहे हे कशावरून ठरवावे? पालि ग्रंथांत वग्गाच्या शेवटी उद्दान येते. त्यात सुत्तांची नावे गुंफलेली असल्याने एखादे सुत्त गळले तर भाणकाच्या ध्यानी येई. परंतु सुत्ताच्या आत एखादा शब्द बदलला तर उद्दान ते सांगू शकत नाही. पॅकेटसोबत जाणारी बेरजेची खूणही अशीच अपुरी आहे. ती अवघी १६ बिटांची असल्याने क्वचित एखादा दोष तिच्या नजरेतून सुटतो. ‘एसएचए-२५६’ या रीतीने फाइलीवरून ६४ चिन्हांची एक मुद्रा काढतात. फाइलीतील एक बिट पालटला तरी ही मुद्रा अगदी वेगळी येते. मात्र दोष कोठे आहे हे ती दाखवीत नाही. यास्तव संपूर्ण संग्रहाची एकच मुद्रा काढण्यापेक्षा प्रत्येक पानाची स्वतंत्र मुद्रा काढून त्यांची यादी सोबत पाठवावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

माहिती फारच मोठी असेल तर तार सोडून वाहनाचा आश्रय घ्यावा लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. २०१९ मध्ये कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगापुढे आली. तिच्यासाठी २०१७ मध्ये दुर्बिणींनी नोंदलेली हजारो टेराबाइट माहिती हार्ड डिस्कवर भरून विमानाने अमेरिका व जर्मनीतील केंद्रांकडे नेली गेली. दक्षिण ध्रुवावरील डिस्कांना तर तेथील हिवाळा संपेपर्यंत थांबावे लागले. आपल्या २०,००० पानांसाठीही मंद जोडणीवर सतरा दिवस घालविण्यापेक्षा एक डिस्क टपालाने पाठविणे बरे. ती पोहोचली की मुद्रांची यादी ताडावी, जी पाने जुळत नाहीत तेवढीच पुन्हा मागवावीत आणि पडताळणी पुरी होईपर्यंत मूळ डिस्क पुसू नये.