उतारवयातला हट्टी सोबती

पुण्याच्या एका जुन्या पेठेतील वाड्यात तळमजल्यावर राहणारे, महसूल खात्यात चौतीस वर्षे इमानेइतबारे नोकरी करून अव्वल कारकुनाच्या जागेवरून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ माझ्या नित्य परिचयाचे आहेत. रोज सकाळी सातच्या सुमारास, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीसमोर, नऊ किलो वजनाचा एक तांबूस कुत्रा पोट जमिनीला टेकवून ठाण मांडून बसलेला आणि हे गृहस्थ त्याची साखळी सैल धरून शेजारी निमूटपणे उभे असलेले, हे दृश्य मी गेली पाच वर्षे पाहत आलो आहे. "चल रे बंड्या, आजी चहासाठी खोळंबली आहे," असे ते एकदा, फार तर दोनदा म्हणतात. साखळीला हिसका मात्र कधी देत नाहीत. मिनिटा-दोन मिनिटांनी बंड्या आपणहून उठतो, अंग झटकतो आणि ठरल्या वाटेने घराकडे चालू लागतो.

बंड्या त्यांनी विकत आणलेला नाही. मुलाची बदली परगावी झाली, तिथल्या घरमालकाने कुत्र्याला मनाई केली, आणि दोन महिन्यांच्या बोलीवर आलेला हा पाहुणा आजी-आजोबांकडेच राहिला. मध्यमवर्गीय घरांतील वृद्धांकडे कुत्रा पुष्कळदा याच वाटेने येतो. ज्यांनी त्याची निवड केलेली नसते त्यांच्या पदरी तो पडतो. आणि मग लहान चणीचा म्हणून सोपा वाटलेला हा जीव किती हट्टी आहे याचा प्रत्यय त्यांना पहिल्याच आठवड्यात येतो. तेव्हा हा हट्ट आला कोठून, हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण ज्याचे मूळ कळत नाही त्याच्याशी माणूस उगाच भांडत बसतो.

बंड्या जातीने डॅशंड. मूळ जर्मन शब्द डाक्सहुंड. त्यातला 'डाक्स' म्हणजे बॅजर नावाचा, जमिनीत खोल बीळ करून राहणारा दणकट नख्यांचा प्राणी आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. या प्राण्याच्या बिळात शिरून त्याला कोंडीत धरण्यासाठी ही जात जर्मनीत कित्येक पिढ्या निवडून-निवडून सिद्ध झाली. आखूड पाय, लांब धड, रुंद छाती आणि देहाच्या मानाने प्रचंड वाटणारा आवाज हे सारे त्या कामासाठीच. परंतु शरीराबरोबर स्वभावही घडला, तो अधिक महत्त्वाचा. मेंढपाळाच्या कुत्र्याला धन्याच्या हातवाऱ्यांकडे नजर ठेवून वागावे लागते. बिळात उतरलेल्या कुत्र्याला धनी दिसत नाही आणि त्याचा हुकूमही ऐकू येत नाही. त्या काळोखात, शत्रू तोंडासमोर असताना, पुढे सरावे की माघार घ्यावी याचा निर्णय त्याने एकट्याने करावयाचा असतो. क्षणोक्षणी धन्याच्या तोंडाकडे पाहणारा कुत्रा तेथे निरुपयोगी ठरला असता. 'टेरिअर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान कुत्र्यांचीही कथा अशीच आहे. त्यांचे नावच मुळी भूमीवाचक 'टेरा' या लॅटिन शब्दावरून आले आहे. १९७२ साली म्युनिक येथे ऑलिंपिक सामने भरले तेव्हा 'वाल्डी' नावाचा डॅशंड हा ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर ठरला, तो चिवटपणा आणि चपळाई या खेळाडूला शोभणाऱ्या गुणांचे प्रतीक म्हणून. मैदानावर ज्याला आपण चिवटपणा म्हणून गौरवितो, त्यालाच घरात हट्ट म्हणून दूषण देतो.

हे ध्यानी आले म्हणजे खोड्यांचाही उलगडा होतो. बंड्याने आल्याबरोबर तुळशीवृंदावनातील माती दोनदा उकरली आणि आजोबांच्या चादरीत बीळ केले. त्यात द्वेष नव्हता की सूडबुद्धी नव्हती, हाताला काम नसलेल्या कारागिराची ती तळमळ होती. आजी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. रिकामा मुलगा खोड्या करतो हे त्यांना ठाऊक होते. त्या रोज दुपारी एका जुन्या पंचात भाकरीचे चार-पाच लहान तुकडे वेगवेगळ्या घड्यांत गुंडाळतात आणि ते बोचके कोपऱ्यात ठेवून देतात. बंड्या नाक खुपसतो, पंजाने घडी उलगडतो, फुत्कार टाकतो, आणि वीस मिनिटांनी शेवटचा तुकडा हस्तगत करून तेथेच पंचावर झोपी जातो. हा उपाय सुरू झाल्यापासून तुळशीला धक्का लागलेला नाही.

जन्मजात हट्टाखेरीज दुसरा एक हट्ट असतो, तो मात्र आपण शिकविलेला असतो. जेवणाच्या वेळी आजोबा नकार देत आणि आजी अधूनमधून, दया येऊन, पोळीचा तुकडा टाकीत. परिणामी बंड्याचे भुंकणे वाढतच गेले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी प्रयोगांनी दाखवून दिले आहे, की ज्या कृतीचे फळ नेमाने मिळते ती कृती, फळ बंद होताच, लवकर सुटते. ज्या कृतीचे फळ कधी मिळते, कधी मिळत नाही, ती दीर्घकाळ चिकटून राहते. दहा वेळा नाही म्हणून अकराव्या वेळी दिलेला तुकडा म्हणजे अकरा वेळा भुंकण्याचे शिक्षण होय. म्हणून घरातील सर्वांचा कायदा एकच असावा, आणि 'नाही' हा शब्द थोडा, शांतपणे व कायमचा उच्चारावा. मारझोडीने भय तेवढे शिकविले जाते, आज्ञापालन नव्हे. आणि भ्यालेला लहान कुत्रा चावतो.

नामदेवांच्या कथेत कुत्रा भाकरी पळवितो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. त्या कथेतील प्राणिमात्राविषयीचा कळवळा शिरोधार्य आहे. परंतु बंड्याच्या बाबतीत कळवळा म्हणजे तुपाची वाटी फळीवरच राहू देणे होय. डॅशंडच्या लांब कण्यातील मणक्यांमधल्या चकत्या ठिसूळ होण्याची प्रवृत्ती आनुवंशिक आहे. या जातीतील दर चार-पाच कुत्र्यांमागे सुमारे एकाला त्याचा त्रास होतो आणि मागचे पाय लुळे पडण्यापर्यंत पाळी येऊ शकते. वाढलेले वजन हे त्या कण्यावरचे ओझे. बरगड्यांवरून हात फिरविला असता त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. उंचावरून उड्या आणि पायऱ्यांची चढउतार टाळावी, उचलताना एक हात छातीखाली व दुसरा कमरेखाली घ्यावा. बंड्याच्या घरी ओट्याच्या तीन पायऱ्यांवर मुलाने उतरती फळी बसविली आहे आणि पाय घसरू नयेत म्हणून तिच्यावर काथ्याची पट्टी ठोकली आहे. आपल्या स्वयंपाकघरातील काही पदार्थ तर कुत्र्याला विषासमान आहेत: द्राक्षे, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण आणि चॉकलेट. शिऱ्यातले बेदाणे लाडाने घालणाऱ्या हातांनी हे विसरू नये. आणि असे काही पोटात गेल्यास वाट न पाहता पशुवैद्य गाठावा.

धोका कुत्र्यालाच असतो असे नाही. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळातील पाहणीवरून असा अंदाज निघाला, की कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांची संख्या तेथे वर्षाला ८६ हजारांच्या वर आहे आणि त्यांतील बहुतांश अपघात कुत्र्यांमुळे होतात. आजीही एकदा पहाटेच्या अंधारात पायात आलेल्या बंड्याला अडखळून पडल्या; सुदैवाने मनगट मुरगळण्यावर निभावले. त्याच दिवशी आजोबांनी बाजारातून एक घुंगरू आणून त्याच्या गळपट्ट्याला बांधले आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर रात्रभर जळणारा मंद दिवा लावला. आता तो पायाशी आला की आधी कानाला कळते. फिरायला नेताना साखळी मनगटाला गुंडाळू नये, हाही नियम तेव्हापासून पाळला जातो.

इतकी उस्तवार करून वृद्धांच्या पदरात काय पडते? २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखविले, की कुत्रा आणि धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे मायेशी निगडित संप्रेरक वाढते. परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट. कचेरी सुटल्यावर आजोबांचे घड्याळच सुटले होते. उठायचे कशाला, बाहेर पडायचे कोणासाठी, हा प्रश्न निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी त्यांना ग्रासू लागला होता. गरीब स्वभावाचा कुत्रा 'आज नको' म्हटले की पडून राहिला असता. बंड्या पडून राहत नाही, आणि राहू देत नाही. साडेसहाला तो पलंगाशी येऊन चादर ओढतो. मग पाय दुखत असोत, मन खिन्न असो, चपला घालाव्याच लागतात. गिरणीवाला, दूधवाला, शाळेत निघालेली मुले बंड्यासाठी थांबतात आणि आजोबांशी बोलतात. ज्या हट्टाची आपण तक्रार करतो, तोच हट्ट म्हातारपणी माणसाला हात धरून उठवितो, असे माझे निश्चित मत झाले आहे.

म्हणूनच एक कर्तव्य शेवटी सांगितले पाहिजे. लहान जातीचा कुत्रा बारा ते सोळा वर्षे जगतो. सत्तरीत पिल्लू आणणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा, आणि जमल्यास पिल्लाऐवजी निवलेल्या स्वभावाचा, पोक्त वयाचा कुत्रा घरी आणावा. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात वृद्ध धर्मराज स्वर्गाच्या दारी उभा राहून सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून आत पाऊल ठेवण्यास नकार देतो. आश्रिताचा त्याग हे त्याने पाप मानले. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही प्राण्याची उपासमार होईल अशा रीतीने त्याला सोडून देणे हा गुन्हा ठरविला आहे. आजोबांच्या कपाटात मृत्युपत्राच्या दप्तरातच एक स्वतंत्र कागद आहे. त्यावर त्यांच्या वळणदार कारकुनी अक्षरात बंड्याच्या रेबीजच्या लशीची तारीख, महापालिकेच्या परवान्याचा क्रमांक, दोन वेळच्या अन्नाचे माप, त्याला चालत नाहीत ते पदार्थ, आणि आपल्या पश्चात त्याला सांभाळण्याचे कबूल केलेल्या भाचीचे नाव व सही आहे. आपल्या घरी असा सोबती असेल, तर हा कागद आजच लिहून ठेवा.