गोल कां वांकत नाहीं

वहीचा कोरा कागद घेऊन त्याची सुरळी करावी. कागद कोठें ताणला जात नाहीं, कोठें आकसत नाहीं. त्यावर आधीं काढलेली रेघ तितक्याच लांबीची राहते, आणि तरीहि सपाट पान नळकांडें होतें. आतां कागदाऐवजीं मुळींच न ताणणाऱ्या पातळ कवचाचा, पूर्ण मिटलेला गोल कल्पावा. त्यावरील एकहि लांबी न बदलतां तो दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत आकारांत वांकवितां येईल काय? येणार नाहीं, असें हाइन्रिख लीबमान यांनीं १८९९ सालीं सिद्ध केलें.

या प्रश्नाची किल्ली गाउस यांच्या १८२७ सालच्या निबंधांत आहे. पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूपाशीं दोन मुख्य वक्रता असतात: एका दिशेनें तें सर्वांत अधिक वांकतें, तिच्याशीं काटकोन करणाऱ्या दिशेनें सर्वांत कमी. पृष्ठ न ताणतां वांकविलें तर या दोन्ही संख्या बदलूं शकतात. त्यांचा गुणाकार मात्र बदलत नाहीं. कागदाच्या दोन्ही वक्रता शून्य, सुरळीची एकच शून्य; गुणाकार दोहोंचा शून्यच. संत्र्याची साल पाटावर सपाट बसत नाहीं, त्याचेंहि कारण हेंच.

दोन वक्रता आणि त्यांच्या दिशा ही सर्व माहिती चार घरांच्या एका चौकटींत मांडतां येते. मुख्य कर्णाच्या दोन बाजूंचीं घरें तींत सारखीं असतात, म्हणून तिला सममित टेन्सर म्हणतात. हा टेन्सर बिंदूगणिक मनास येईल तसा बदलूं शकत नाहीं; माइनार्डी आणि कोदाझी यांच्या समीकरणांनीं तो बांधलेला असतो. सारें मर्म या बंधनांत आहे.

त्रिज्या १ असलेल्या गोलावर वक्रतांचा गुणाकार सर्वत्र १ असतो. तो वांकून दुसराच आकार झाला, असें क्षणभर मानावें. कोठें वक्रता असमान झाल्या, तर आकार मिटलेला असल्यामुळें मोठी वक्रता कोठेंतरी आपल्या कमाल मूल्यास पोंचेलच. तें मूल्य ३ असलें, तर तेथेंच धाकटी वक्रता १/३, म्हणजे आपल्या किमान मूल्यास येते. हिल्बर्ट यांनीं दाखविलें कीं, अशा बिंदूपाशीं वरील समीकरणांमुळें गुणाकार शून्य किंवा ऋणच असावा लागतो. पण तो तर १ आहे! तेव्हां दोन्ही वक्रता सर्वत्र समान. आणि असें मिटलेलें पृष्ठ गोलच असतें.

'मिटलेलें' हा शब्द येथें शोभेचा नव्हे. गोलाचा एखादा तुकडा कापून घेतला, तर कमाल मूल्य कडेवर सरकूं शकतें, युक्तिवाद ढिला पडतो, आणि तो तुकडा खरोखरच वांकतो.

अंड्यासारख्या बहिर्वक्र पृष्ठांविषयींचा असाच सिद्धांत श्टेफान कोन-फोसेन यांनीं १९२७ सालीं दिला. यहुदी असल्यामुळें १९३३ सालीं त्यांस कोलोनचें विद्यापीठ सोडावें लागलें. १९३६ सालीं मॉस्को येथें ते वारले. पुढें १९४३ सालीं हेर्ग्लोट्स यांनीं दोन आकारांचे दोन टेन्सर घेऊन त्यांच्या वजाबाकीवरून तीच गोष्ट फारच थोडक्यांत सिद्ध केली.

'गुळगुळीत' ही अटहि तितकीच मोलाची. टेबल टेनिसच्या चेंडूस अंगठ्यानें खळगा पाडला, तर लांब्या जवळजवळ त्याच राहतात. पण खळग्याच्या कांठावर धार येते. त्याहून नवल असें कीं, नॅश यांच्या १९५४ व कायपर यांच्या १९५५ सालच्या सिद्धांतांनुसार, वक्रतेची व्याख्याच करतां येऊं नये इतक्या बारीक सुरकुत्या चालत असतील, तर धार मुळींच न पाडतां व एकहि लांबी न बदलतां पृथ्वीएवढा गोल सुपारीएवढ्या जागेंत मावतो. तेथें टेन्सरच उरत नाहीं. मग त्याचें बंधन तरी कोठून उरावें?